एनबीएचा ‘लास्ट टू मिनिट’ अहवाल: फाउल ओळखायला शिकण्यासाठी किती उपयोगाचा?

चुरशीच्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी वाजवलेली प्रत्येक शिट्टी बरोबर होती का, आणि वाजायला हवी असताना कुठली राहून गेली, हे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, दुसऱ्या दिवशी स्वतःच जाहीर करते. मार्च २०१५ पासून ही सेवा चालू आहे. लीगच्या पंचविभागाच्या संकेतस्थळावर अहवाल मोफत वाचता येतो आणि त्यातल्या निर्णयांसोबत त्या क्षणाचा व्हिडिओही पाहता येतो. बहुतेक प्रेक्षक तो उघडतात ते आपल्या संघावर अन्याय झाला हे सिद्ध करायला. त्या कामाला तो फारसा उपयोगी नाही, कारण अहवालात चूक कबूल केली तरी निकाल जसाच्या तसा राहतो. पण अंगाला अंग लागल्यावर शिट्टी कधी वाजवायची आणि कधी ओठात धरून ठेवायची हे ज्याला शिकायचे आहे, त्याच्यासाठी हा खजिना आहे. नवे पंच, प्रशिक्षक आणि नियम समजून खेळ पाहणारे प्रेक्षक, अशा तिघांच्या नजरेने ही सेवा तपासली आहे.

आधी अहवालात काय असते ते पाहू. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत कधीही दोन्ही संघांतला फरक तीन किंवा त्याहून कमी गुणांचा झाला, तर त्या सामन्याचा अहवाल निघतो. सुरुवातीला ही अट पाच गुणांची होती. २०१७-१८ च्या हंगामापासून ती तीनवर आली. सामना जादा वेळेत गेला तर तिथलीही शेवटची दोन मिनिटे तपासली जातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल येतो, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेतीन आणि प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद मालिकांच्या) दिवसांत अडीच. सकाळी उठून चहासोबत वाचायला तयार.

प्रत्येक ओळीत क्वार्टर, घड्याळावरची वेळ, निर्णयाचा प्रकार, फाउल करणारा खेळाडू, ज्याचे नुकसान झाले तो खेळाडू आणि शेवटी निवाडा असतो. निवाडे चारच: ‘सीसी’ म्हणजे शिट्टी वाजली आणि बरोबर वाजली, ‘आयसी’ म्हणजे वाजली पण चूक, ‘सीएनसी’ म्हणजे वाजली नाही आणि न वाजवणेच बरोबर, ‘आयएनसी’ म्हणजे वाजायला हवी होती पण वाजली नाही. खाली एक-दोन वाक्यांचा शेरा असतो. शिवाय एक चांगली सोय आहे: जी चूक केवळ स्टॉपवॉच लावून, चित्र मोठे करून किंवा तशाच तांत्रिक मदतीने दिसते, ती कंसात नोंदवली जाते आणि पंचांची चूक म्हणून धरली जात नाही. माणसाच्या डोळ्याला मैदानावर काय दिसणे शक्य आहे आणि काय नाही, ही रेघ लीगने कुठे ओढली आहे ते या कंसांतून कळते. पंचगिरी शिकणाऱ्याने हे कंस आवर्जून वाचावेत.

वाचताना पहिली काळजी ही की एकूण ‘बरोबर’ निर्णयांची बेरीज करून पंचांना गुण देऊ नयेत. शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो. असे फाउल ओळखायला कौशल्य लागत नाही, पण प्रत्येकाची ‘सीसी’ म्हणून एक ओळ होते. त्यात सहज दिसणाऱ्या, वादच नसलेल्या ‘सीएनसी’ ओळी मिसळल्या की टक्केवारी आपोआप फुगते. या ओळी बाजूला काढल्यावर उरतात त्या ड्राइव्ह (चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी), शॉट, स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणे) आणि रिबाउंडच्या (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणे). खरा अभ्यास तिथे आहे.

आणि त्यातही सगळ्यात मोलाच्या ओळी ‘सीएनसी’च्या. ‘आयएनसी’वर बातम्या होतात, पण शिकवतात त्या ‘सीएनसी’. व्हिडिओत हात लागलेला स्पष्ट दिसतो, खेळाडू दोन्ही हात पसरून पंचांकडे बघतो, प्रेक्षक ओरडतात आणि लीग म्हणते की शिट्टी न वाजवणेच योग्य होते. कारण म्हणून शेऱ्यात बहुधा एकच शब्द येतो: मार्जिनल. या अहवालाचा सगळा डोलारा याच शब्दावर उभा आहे, आणि अहवाल मात्र त्याची फोड करत नाही. म्हणून ती इथे करणे भाग आहे.

बास्केटबॉलमध्ये स्पर्श झाला म्हणून फाउल होत नाही. दहा धडधाकट माणसे एवढ्याशा जागेत पळत असतील तर अंगाला अंग लागणारच. पंच दोन प्रश्न विचारतो. पहिला, ज्याने संपर्क घडवला तो कायदेशीर जागी होता का? दुसरा, त्या संपर्कामुळे समोरच्याचे काही बिघडले का? हे ‘बिघडणे’ मोजायला चार खुणा आहेत: खेळाडूचा ताल, वेग, तोल आणि चपळता. चारपैकी एकीलाही धक्का लागला तर तो फाउल. एकीलाही लागला नाही तर तो मार्जिनल संपर्क, खेळ चालू. एनबीएच्या नियमपुस्तकात हाताच्या किरकोळ स्पर्शाबद्दल याच चार गोष्टींचा उल्लेख आहे. त्याच नियमांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे: ज्या संपर्काने खेळाडूचा मार्गच वळतो, तो फाउल पंचाने ताबडतोब द्यायचा असतो.

ड्राइव्हच्या एका चित्रावरून हे समजून घेता येईल. आक्रमक उजव्या हाताने ड्रिबल करत बास्केटकडे निघाला आहे. बचावपटू बाजूने पळत आहे आणि त्याचा पंजा आक्रमकाच्या कमरेवर टेकतो. पंजा टेकला आणि लगेच उचलला, आक्रमकाचे पुढचे पाऊल आधीच्याच रेषेत आणि तेवढ्याच लांबीचे पडले, ड्रिबलची उंची बदलली नाही, तर काही झाले नाही. पण पंजा टेकून राहिला आणि आक्रमकाचे पुढचे पाऊल आखूड पडले, खांदा मागे ओढला गेला, किंवा सरळ जायच्या ऐवजी तो अर्धा फूट बाहेर फेकला गेला, तर फाउल. बघायचे असते ते पावलाकडे आणि खांद्याकडे. हाताकडेच बघत राहिले तर स्पर्श दिसतो, परिणाम दिसत नाही. नवे पंच सगळ्यात जास्त फसतात ते इथे. २००४-०५ च्या हंगामापासून एनबीएने हॅन्ड-चेकवर कडक धोरण घेतले तेव्हापासून बाहेरच्या बाजूला ड्रिबल करणाऱ्यावर हात ठेवून त्याला वळवणे फारच महाग पडते, हेही या क्लिप पाहताना ध्यानात ठेवावे.

मार्जिनलची रेघ नेमकी कुठे, हे कळायला दोन सामने शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत न्यूयॉर्क निक्स आहेत, दोन्हींत शेवटच्या क्षणी तीन गुणांचा शॉट आहे आणि दोन्ही वेळा लीगने पंचांची चूक मान्य केली, फक्त उलट्या दिशांनी.

पहिला १२ फेब्रुवारी २०२४ चा, ह्यूस्टनमधला. गुण १०३-१०३. अगदी शेवटच्या क्षणी ह्यूस्टन रॉकेट्सच्या एरन हॉलिडेने लांबून शॉट मारला, निक्सचा जेलन ब्रन्सन त्याच्या अंगावर झेपावला आणि शिट्टी वाजली. घड्याळावर ०.३ सेकंद उरले होते. हॉलिडेचे दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) आत गेले आणि ह्यूस्टन १०५-१०३ ने जिंकले. सामन्यानंतर मुख्य पंचांनी सांगितले की संपर्क चेंडू हातातून सुटल्यावर झाला, शूटर नीट जमिनीवर उतरू शकला, म्हणून तो मार्जिनल होता आणि फाउल द्यायला नको होता. अहवालानेही तेच म्हटले. निक्सनी अधिकृत तक्रार केली, ती फेटाळली गेली. कारण लीगच्या पद्धतीनुसार तक्रार टिकायला नियमच चुकीचा लावला गेला हे दाखवावे लागते; पंचाचा अंदाज चुकला एवढे पुरत नाही.

दुसरा २७ एप्रिल २०२५ चा, डेट्रॉइटमधला प्लेऑफ सामना. डेट्रॉइट पिस्टन्स एका गुणाने मागे. त्यांच्या टिम हार्डवे ज्युनियरने कोपऱ्यातून शॉट मारायचा पवित्रा घेऊन निक्सच्या जॉश हार्टला हवेत उडवले आणि मग शॉट मारला. हार्ट त्याच्या अंगावर आला, शिट्टी वाजली नाही, निक्स ९४-९३ ने जिंकले. नंतर मुख्य पंचांनी मान्य केले की खेळ चालू असताना त्यांना हार्टचा बचाव कायदेशीर वाटला, पण व्हिडिओत अंगाचा संपर्क मार्जिनलपेक्षा जास्त दिसला आणि फाउल द्यायला हवा होता.

आता दोन्ही क्लिप सलग लावा आणि फक्त शूटरच्या धडाकडे आणि पायांकडे बघा. पहिल्यात चेंडू सुटून गेलेला आहे, अंगाशी अंग लागते, पण शूटरचे उतरणे त्याचे स्वतःचे आहे. दुसऱ्यात बचावपटूचे धड शूटरच्या धडावर येते आणि त्या येण्याचा शॉटवर परिणाम होतो. इथे कुणाचा हेतू बघायचा नाही, आवाज किती मोठा झाला हे बघायचे नाही, खेळाडू किती कळवळला हेही नाही. संपर्क कधी झाला, शरीराच्या कुठल्या भागाला झाला आणि त्याने पुढचे काय बदलले, या तीन उत्तरांत निवाडा आहे. या दोन क्लिपनी जे कळते ते नियमपुस्तकाची दहा पाने वाचून कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक खबरदारी मात्र हवी. पहिल्या क्लिपवरून ‘चेंडू सुटल्यावर काहीही चालते’ असा निष्कर्ष काढू नये. शूटर हवेत असेपर्यंत, दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत, त्याला संरक्षण असते आणि उतरायची जागा त्याची असते. १४ मे २०१७ रोजी वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेत बचावपटू झाझा पाचुलियाच्या पायावर शॉट मारून उतरणाऱ्या काव्हाय लेनर्डचा पाय पडून लेनर्डचा घोटा दुखावला. त्यानंतरच्या हंगामापासून अशा बेफिकीर क्लोज-आउटवर (शूटरच्या अंगावर धावून जाण्यावर) फ्लॅग्रंट, म्हणजे अनावश्यक संपर्काचा गंभीर, फाउल आहे का हे रिप्ले पाहून ठरवायची सोय पंचांना मिळाली. उलट बाजूलाही २०२१-२२ पासून लगाम आहे. शूटर पाय बाहेर फेकून, अनैसर्गिक कोनात अंग घालून किंवा वाटेतच एकदम वळून स्वतःच बचावपटूवर आदळला, तर त्याला फाउल मिळत नाही; उलट त्याच्यावरच लागू शकतो. म्हणून त्याआधीच्या हंगामांतले जुने अहवाल वाचताना शूटिंग फाउलचे निवाडे आजच्या मापाने मोजू नयेत. जुन्या अहवालांचा साठा मोठा आहे आणि तो चाळण्याचा मोह होतो, पण हंगाम कुठला ते आधी बघा.

आपल्याकडच्या पंचांनी इथे जपून

महाराष्ट्रातल्या सामन्यांत, शालेय असोत वा राज्य स्पर्धा, फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. एनबीएचा अहवाल जसाच्या तसा उचलला तर मैदानावर चुका होतील. सगळ्यात धोक्याची जागा ब्लॉक-चार्जची: आदळल्यावर फाउल बचावपटूचा (ब्लॉक) की आक्रमकाचा (चार्ज).

एनबीएत शूटरने चेंडू घेऊन वर जाण्याची हालचाल सुरू करण्याआधी बचावपटूचे धड त्याच्या वाटेत आलेले असले पाहिजे. फिबात कसोटी वेगळी: आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी बचावपटू कायदेशीर जागी पोहोचला का. बहुतेक वेळा वर जायची हालचाल पाय सुटण्याच्या आधी सुरू होते. त्यामुळे त्या मधल्या क्षणात पोहोचलेला बचावपटू एनबीएत ब्लॉक ठरतो आणि फिबात चार्ज मिळवून जातो. अहवालात ‘ब्लॉक, सीसी’ दिसले आणि क्लिपमध्ये बचावपटू आक्रमकाच्या उडीआधी स्थिर उभा दिसला, तर गोंधळू नका. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत.

बास्केटखालचे अर्धवर्तुळही जवळपास तेवढेच, एनबीएत चार फूट आणि फिबात १.२५ मीटर, पण लावायची रीत वेगळी. एनबीएत ते प्रामुख्याने मदतीला धावून आलेल्या दुसऱ्या बचावपटूसाठी आहे. फिबा पहिला-दुसरा असा भेद करत नाही. आक्रमक चेंडूसह हवेत असेल, शॉट किंवा पास करत असेल आणि बचावपटू अर्धवर्तुळात असेल, तर चार्ज नाही, मात्र आक्रमकाने हात, कोपर किंवा पाय बेकायदा वापरला तर गोष्ट वेगळी.

जिथे दोन्ही नियम जुळतात ते विषय अहवालातून निर्धास्त शिकावेत. सरळ वर उडी मारणारा बचावपटू हा त्यातला उत्तम विषय. स्वतःच्या जागेतून सरळ वर गेलेला, हात उभे ठेवलेला बचावपटू जिथून उडाला तिथेच उतरला, तर आक्रमक त्याच्या छातीवर कितीही जोरात आदळला तरी बचावपटूचा फाउल नाही. बघायच्या खुणा तीन: उडी पुढे सरकली का, कंबर वळून कुल्ला बाहेर आला का, आणि हात उभ्या रेषेतून पुढे वाकून खाली आले का. प्रेक्षक तिसरीच बघतात, कारण चेंडू तिथे असतो. बराच घोटाळा पहिल्या दोन खुणांत होतो, आणि त्या चेंडूपासून दूर, कमरेखाली घडतात.

स्क्रीनचेही तसेच. स्क्रीन लावणारा संपर्काच्या क्षणी थांबलेला हवा आणि त्याचा पाय, गुडघा, कोपर शरीराच्या चौकटीबाहेर नको. अहवालात स्क्रीनच्या ‘सीएनसी’ ओळी भरपूर मिळतात. बचावपटू स्क्रीनवर आदळून कोसळला तरी स्क्रीन थांबलेली असेल तर काही नाही. कोसळणे हा पुरावा नसतो. खोटे कोसळण्याला एनबीएत २०२३-२४ पासून एका फ्री थ्रोची शिक्षा आहे. फिबात आधी ताकीद आणि पुन्हा केल्यास टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाउल.

क्लिप कशी पाहावी

निवाडा वाचून मग व्हिडिओ पाहिला तर डोळा जे वाचले तेच शोधतो, शिकणे होत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा. निवाड्याचा रकाना हाताने झाकावा. क्लिप एकदाच, नेहमीच्या वेगाने, आवाज बंद करून पाहावी. प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि समालोचकाचा सूर दोन्ही निर्णयात शिरतात. लगेच, दोन सेकंदांत, ‘शिट्टी’ की ‘खेळ चालू’ हे कागदावर लिहावे आणि पुढे तीन शब्दांत कारण: ‘धड, उशिरा, तोल’ किंवा ‘हात, क्षणभर, परिणाम नाही’ असे. मग हळू वेगात पाहावे. मग निवाडा. तुमचे उत्तर लीगच्या उत्तराशी जुळले पण कारण जुळले नाही, तर ती क्लिप चुकलेल्यांत धरावी. योगायोगाने बरोबर आलेला निर्णय पुढच्या सामन्यात दगा देतो.

दुसऱ्या फेरीत चेंडू अजिबात बघू नये. डोळे बचावपटूवर ठेवावेत: तो कुठून आला, कधी थांबला, धड कुठे होते. पंचांना ‘बचाव बघा’ असे शिकवतात ते यासाठी. आक्रमकाकडे बघणाऱ्याला फक्त आदळणे दिसते. बचावपटूकडे बघणाऱ्याला आदळण्याआधीचा अर्धा सेकंद दिसतो, आणि निर्णय त्या अर्ध्या सेकंदात असतो. शिट्टीची घाईही इथेच मोडते. ड्राइव्ह सुरू कशी झाली, वाढली कशी आणि संपली कशी, हे तिन्ही टप्पे बघून मग वाजवलेली शिट्टी क्षणभर उशिरा येते, पण पक्की येते. अपवाद ज्याचा मार्ग धक्क्याने वळला त्याचा. तिथे थांबायचे नाही.

काय कमी आहे

सर्वात मोठी उणीव ही की पंच कुठे उभा होता हे अहवाल सांगत नाही. २८ जानेवारी २०२३ चा बॉस्टनमधला सामना घ्या. १०५-१०५ अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स ले-अप मारायला गेला आणि सेल्टिक्सच्या जेसन टेटमचा हात त्याच्या डाव्या हातावर लागला. शिट्टी नाही. जादा वेळेत बॉस्टन १२५-१२१ ने जिंकले. अहवालात ही चूक ‘आयएनसी’ म्हणून आली, मुख्य पंचांनीही त्या रात्रीच कबूल केले. लेकर्सच्या पॅट्रिक बेव्हर्लीने तर मैदानावरच छायाचित्रकाराचा कॅमेरा आणून पंचांना फोटो दाखवला आणि टेक्निकल ओढवून घेतला. एवढे सगळे झाले, पण शिकणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो: टीव्हीवर सगळ्यांना दिसलेला हात तीन अनुभवी पंचांना का दिसला नाही?

अशा चुकांचे नेहमीचे कारण कोन हे असते. पंच, बचावपटू आणि आक्रमक एका सरळ रेषेत आले की दोघांमधली फट दिसत नाही. पंचाला पुढच्याची पाठ दिसते आणि मागचा संपर्क झाकला जातो. एक-दोन पावले बाजूला सरकले तर फट उघडते. दुसरे कारण अंतर. फार जवळ असले की दृश्य अंगावर येते आणि हात-पाय दोन्ही एकदम नजरेत मावत नाहीत. फार लांब असले की बारीक स्पर्श निसटतो. फिबाच्या प्रशिक्षणात साधारण ३ ते ६ मीटर अंतर ठेवायला आणि निर्णयाच्या क्षणी शक्यतो थांबलेले असायला सांगतात, कारण धावत्या माणसाची नजर हलते. एनबीएत तीन पंच असतात म्हणून हा कोन सहसा कुणा एकाकडे तरी असतो. आपल्याकडे जिल्हा आणि शालेय सामन्यांत बहुतेक वेळा दोनच असतात, तेव्हा सरकण्याची जबाबदारी दुप्पट. अहवालातल्या ओळीत शिट्टी कोणी वाजवली याचाही उल्लेख नसतो, त्यामुळे क्लिपमधून पंच शोधून त्याचा कोन आपणच लावावा लागतो. कधी तो चित्रात नसतोच.

दुसरी उणीव कालखंडाची. सामना ४८ मिनिटांचा आणि तपासणी दोनच मिनिटांची. पहिल्या क्वार्टरमध्ये दिलेला फाउल आणि शेवटी तशाच संपर्कावर न दिलेला फाउल यांची तुलना करताच येत नाही. खेळाडूंची मुख्य तक्रार असते ती याच सातत्याची. महत्त्वाच्या नसलेल्या न-शिट्ट्या गाळल्या जातात, आणि महत्त्वाचे काय हे लीगच ठरवते.

शेरेही साचेबंद आहेत. ‘संपर्क मार्जिनल’ इतके लिहून पुढच्या ओळीवर जातात. चार खुणांपैकी कुठली शाबूत राहिली म्हणून मार्जिनल, हे क्वचितच असते.

अहवाल असूच नये असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे कानाआड करण्यासारखे नाही. पंचांच्या संघटनेने तो बंद करण्याची मागणी जाहीरपणे केली आहे. २०१६ च्या नाताळच्या सामन्यात क्लीव्हलँडकडून वॉरियर्स १०८-१०९ असे हरले आणि शेवटच्या क्षणी वॉरियर्सच्या केव्हिन ड्युरँटविरुद्ध फाउल झाला होता, तो द्यायला हवा होता, असे अहवालाने म्हटले. तरी अहवाल ज्याच्या बाजूने होता त्या ड्युरँटनेच पंचांना असे उघडे पाडणे बरे नाही म्हणून टीका केली. एका रात्रीची एक चूक पंचाच्या नावाला चिकटते आणि त्याच रात्रीचे डझनभर अचूक निर्णय कुणी वाचत नाही, हे खरे आहे. तरीही तो चालू राहावा असे मला वाटते. ज्या खेळात संपर्काचा निवाडा माणसाच्या अंदाजावर आहे, तिथे तो अंदाज कसा बांधला जातो हे उघड असणे प्रेक्षकांइतकेच पंचांच्याही हिताचे आहे.

सोबत काय वाचावे? एनबीएचे व्हिडिओ नियमपुस्तक त्याच लीगकडून मोफत आहे आणि तिथे नियमाच्या कलमाखाली उदाहरणाच्या क्लिप लावलेल्या आहेत. अहवालात न सापडणारे ‘का’ तिथे सापडते. आपल्या पंचांसाठी मात्र पाया फिबाच्या नियमांचाच हवा: संपर्काची तत्त्वे सांगणारे कलम ३३ आणि सोबत फिबाने काढलेले अधिकृत अर्थनिर्णय, ज्यात प्रसंग देऊन निवाडा दिलेला असतो. परीक्षेला बसणाऱ्याने आधी ते पक्के करावे, मग अहवालाकडे वळावे. उलट क्रमाने गेले तर ब्लॉक-चार्जची एनबीएची सवय अंगात मुरते आणि ती काढायला वेळ लागतो. प्रशिक्षकांना हा धोका कमी आहे. त्यांनी बचावाच्या सरावाआधी खेळाडूंना सरळ उडीच्या चार-पाच ‘सीएनसी’ क्लिप दाखवाव्यात, हात खाली आणण्याची खोड ओरडण्यापेक्षा त्याने लवकर जाते.

सुधारणा एकच मागायची झाली तर प्रत्येक ‘आयएनसी’ ओळीपुढे आणखी एक रकाना हवा: त्या क्षणी जवळचा पंच तीन पंचांच्या ठरलेल्या जागांपैकी कुठल्या जागी होता, लीड, स्लॉट की ट्रेल, आणि त्याला फट दिसत होती की नाही. सामन्याचे सगळे कॅमेरे न्यू जर्सीतल्या सेकॉकसच्या रिप्ले केंद्रात लीगच्या हाताशी असतात, त्यामुळे ही नोंद करणे त्यांना अवघड नाही. चूक झाली हे आता कळते. ती कुठल्या जागेवरून झाली हेही कळू लागले तर पुढच्या सामन्यात कुठे उभे राहायचे ते वाचणाऱ्या पंचाला ठरवता येईल.